वाचक विचारतात : थंडीतलं छीगोंग

मागच्या महिन्यात याच सदरात छीगोंगचा, म्हणजे सावकाश हालचाली आणि श्वास यांच्या चिनी व्यायामाचा, नुसता उल्लेख केला होता आणि त्यावर इतके मेल आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय, आणि मनापासून आनंदाने देतेय कारण हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं बीजिंगला होतो आणि तिथे घराजवळच्या बागेत रिटायर झालेल्या बायकांच्या एका ग्रुपमध्ये मी हे शिकले, उन्हाळ्यात सुरुवात केली पण खरं कळलं ते पहिल्या जानेवारीत. आधी उच्चाराचं सांगते कारण बऱ्याच जणांनी किगॉन्ग, क्विगॉन्ग असं लिहिलंय. ते इंग्रजी स्पेलिंगमुळे होतं, चिनी उच्चार छीगोंगच्या जवळचा आहे. छी म्हणजे श्वास, हवा, अंगातली चेतना, आपण प्राण म्हणतो त्याच्या आसपासचं काहीतरी. गोंग म्हणजे रोज खपून कमावलेली हातोटी. आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : मी ६१ वर्षांचा, बँकेतून रिटायर झालोय. कित्येक वर्षं पहाटे पाचला फिरायला जातो. पण डिसेंबर लागला की दिवसभर अंग जड, दुपारी पेंग, कशात उत्साह नाही. म्हणून आता साडेचारला उठून फिरण्याआधी अर्धा तास गच्चीवर छीगोंग करावं म्हणतो, म्हणजे एनर्जी वाढेल. बरोबर ना? — एक वाचक, नाशिक

तुमची शिस्त बघून खरंच कौतुक वाटलं पण साडेचारला गच्चीवर नका जाऊ, प्लीज. थंडीतलं छीगोंग म्हणजे काय हे ज्या एका वाक्यातून मला समजलं ते तुम्हाला सांगते. चिनी वैद्यकाचा अगदी पायाभूत जुना ग्रंथ आहे ह्वांगदी नेइजिंग, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा, त्यात चार ऋतूंत कसं राहायचं याचं एक प्रकरण आहे. हिवाळ्याचे तीन महिने म्हणजे दारं लावून घ्यायचे आणि साठवायचे महिने, असं त्यात म्हटलंय. लवकर झोपा, उशिरा उठा, सूर्य वर येईपर्यंत थांबा, थंडीपासून लांब राहा, उबेला जा आणि कातडीतून घाम गळू देऊ नका. म्हणजे ज्या ऋतूत आपण एनर्जी वाढवायच्या मागे लागतो त्या ऋतूत ते म्हणतात आहे ती सांभाळा, खर्च कमी करा, वसंतात लागणार आहे. शेतकऱ्याने बियाणं कणगीत ठेवावं तसं.

बीजिंगला जानेवारीत रात्रीचा पारा शून्याच्या खाली सात-आठ अंश सहज जातो. तियानतान नावाची मोठी बाग आहे तिथे, जुन्या राजांच्या देवळाभोवतीची, व्यायाम करणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींसाठी ती प्रसिद्धच आहे. उन्हाळ्यात तिथे उजाडायच्या आत गर्दी असते आणि हिवाळ्यात तीच मंडळी ऊन अंगावर यायला लागल्यावर येतात, जाड कोट, कानटोपी, हातमोजे, आणि प्रत्येकाच्या पिशवीत गरम पाण्याचा थर्मास. आमच्या ग्रुपमधली सगळ्यात मोठी आजी ७९ वर्षांची होती, मी पहिल्या थंडीत एकदा उत्साहाने सहाला जाऊन उभी राहिले तर दुसऱ्या दिवशी तिने माझे हात हातात घेऊन बघितले आणि म्हणाली, सूर्य आलाय का बघ आधी, मग ये.

याला आजच्या डॉक्टरांकडचंही कारण आहे. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वर जातं आणि हार्ट अटॅकचं प्रमाण थंडीच्या दिवसांत वाढतं, त्यात पहाटेची वेळ आणखी नाजूक. शिवाय थंडीत रात्रभर गार हवा जमिनीलगत बसून राहते, तिच्यात धूर आणि धूळ अडकते, ऊन तापलं की मगच ती वर उठते, म्हणजे ज्याला आपण शुद्ध पहाटेची हवा म्हणतो ती शहरात डिसेंबरमध्ये बरेचदा दिवसातली सगळ्यात खराब हवा असते. तुमच्या निफाडला पारा पाच-सहावर येतो अशा दिवसांत तर आठ-साडेआठपर्यंत खुशाल घरात थांबा. फिरणंही तेव्हाच ठेवा, छीगोंग त्याच्या आधी पंधरा मिनिटं करा, ते शरीर उघडायला फार छान आहे. आणि रात्री अर्धा तास आधी आडवे व्हा. मला विचाराल तर तुमची दुपारची पेंग निम्मी यानेच जाईल, छीगोंग न करतासुद्धा.

तुम्ही म्हणाल आपल्याकडे तर थंडीत भरपूर व्यायाम करा म्हणतात. हो, आयुर्वेदात हेमंतात बळ चांगलं असतं असं मानतात आणि चिनी लोक साठवणीवर भर देतात, एवढा फरक आहे आणि तो मी लपवणार नाही. पण अष्टांगहृदयातसुद्धा थंडीतला व्यायाम अर्ध्या शक्तीनेच सांगितलाय, कपाळाला, काखेत घाम फुटला, तोंड कोरडं पडायला लागलं की थांबायचं. दम संपवायचा नाही यावर दोघांचं एकमत आहे.

प्रश्न : आमचा वन बीएचके आहे, सकाळी डबे झाले की मला जेमतेम वीस मिनिटं मिळतात. यूट्यूबवर इतके प्रकार दिसतात की गोंधळ होतो. थंडीसाठी नक्की कुठला करू आणि कसा, सविस्तर सांगाल का? — एक वाचक, डोंबिवली

बादुआनजिन करा. दुसरं काही शोधू नका या वर्षी. जिन म्हणजे रेशमी जरीचं कापड, बादुआनजिन म्हणजे जरीचे आठ तुकडे, असे आठ प्रकार एकापाठोपाठ एक. सोंग राजवटीपासून म्हणजे आठशेहून जास्त वर्षं हे नाव सापडतं. उभ्याने करायचं, एका सतरंजीएवढी जागा पुरते, सगळं मिळून बारा ते पंधरा मिनिटं. २०२० च्या फेब्रुवारीत वुहानमधल्या त्या तात्पुरत्या कोविड हॉस्पिटलांत पेशंट खाटांच्या मधल्या जागेत उभं राहून हेच करत होते, त्यामुळे वन बीएचके अजिबात अडचण नाही.

आधी उभं कसं राहायचं ते. पावलं खांद्याएवढी लांब आणि एकमेकांना समांतर, गुडघे ताठ नाहीत, जरासे सैल. शेपटीचं हाड खाली सोडल्यासारखं, डोक्याचा माथा कुणी दोऱ्याने वर धरल्यासारखा. दोन मिनिटं नुसतं असं उभं राहा आणि लक्ष बेंबीखाली तीन-चार बोटांवर ठेवा, त्या जागेला ते दानत्येन म्हणतात. ही दोन मिनिटं खाऊ नका, सगळे खातात.

मग पहिला प्रकार, दोन्ही हातांची बोटं गुंतवून तळवे वर करून आभाळ उचलायचं. दुसरा, घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकून धनुष्य ओढायचं, एक हात लांब, दुसरा दोरी खेचतोय, नजर बाणाच्या टोकावर. तिसरा, एक तळवा वर ढकलायचा आणि दुसरा खाली. चौथा, अंग समोरच ठेवून मान सावकाश वळवून मागे बघायचं. पाचवा, परत घोड्याची बैठक, हात मांड्यांवर, डोकं एका बाजूला आणि ढुंगण दुसऱ्या बाजूला असं डोलायचं. सातवा, अंगठा आत घेऊन मूठ वळायची आणि डोळे मोठे करून सावकाश बुक्का पुढे न्यायचा. प्रत्येक प्रकार दोन्ही बाजू मिळून सहा-आठ वेळा.

सहावा आणि आठवा मुद्दाम मागे ठेवलेत कारण थंडीत माझा सगळा जीव या दोनांत असतो. चिनी वैद्यकात हिवाळा हा किडन्यांचा ऋतू मानतात, आणि त्यांची किडनी म्हणजे आपल्या सोनोग्राफीतली किडनी एवढंच नाही, कंबर, हाडं, कान, भीती वाटणं, म्हातारपणाची शिदोरी, हे सगळं त्यात येतं. सहाव्या प्रकारात दोन्ही तळवे पाठीवर कंबरेशी टेकवायचे, तिथून चोळत चोळत खाली, नितंब, मांड्यांची मागची बाजू, पोटऱ्या, घोटे, आणि जमेल तर पावलांपर्यंत. मग हात पुढे लांब करायचे आणि हातांच्या मागोमाग अंग वर येऊ द्यायचं, म्हणजे कंबरेने झटका देऊन उठायचं नाही, हात ओढतात आणि पाठ त्यांच्यामागून मणका मणका सुटत येते. ओणवं होताना पाठ दुखली तर गुडघे वाकवा, पावलांपर्यंत पोचायचंच असं काही नाही, गुडघ्यापर्यंत गेलात तरी प्रकार पूर्ण. हा नीट सावकाश केला की कंबरेत जी ऊब येते ना, ती मला बीजिंगच्या उणे पाचात उभं राहून आलीय, त्यामुळे डोंबिवलीत तर येणारच.

आठवा सगळ्यात सोपा. टाचा वर उचलायच्या, क्षणभर तोलायचं, आणि अर्ध्यातून अलगद सोडून द्यायच्या, टाचांचा हलका ठप असा आवाज व्हावा, हिसका डोक्यापर्यंत हळुवार जाणवावा. सात वेळा. आपटायचं नाही, खालच्या मजल्यावर ऐकू गेलं तर जास्त झालं.

श्वास नाकाने, अंग उघडताना आत, मिटताना बाहेर. जुळलं नाही तर सोडून द्या, आपोआप जुळतं, पण दम कोंडू नका कधीच. आणि शेवट घाईत गुंडाळू नका. तळहात एकमेकांवर घासून गरम करा, कंबरेवर दोन्ही बाजूंना ठेवा, पुन्हा घासा, चेहऱ्यावरून फिरवा, कानांच्या पाळ्या चोळा. मग लगेच गार पाण्यात भांडी नका घासू हो, दहा मिनिटं जाऊ द्या, गरम पाणी प्या.

रात्रीचंही एक सांगते, मला वाटतं ते तुम्हाला सकाळइतकंच उपयोगी पडेल. तळपायाच्या पुढच्या भागात, बोटं आत वळवली की जो खळगा पडतो, त्याला युंगछुआन म्हणतात, उसळता झरा. झोपताना पाय बादलीत सोसेल इतक्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायचे, पुसून तो खळगा अंगठ्याने चोळायचा, मोजे घालून झोपायचं. चीनमध्ये घरोघरी करतात. आपल्या आज्या काशाच्या वाटीने तळपाय घासायच्या तसंच. डायबेटिस असेल आणि पायाला संवेदना कमी असेल तर मात्र पाण्याचं तापमान दुसऱ्या कुणाला तरी हाताने बघायला सांगा, पोळलेलं कळत नाही.

प्रश्न : वय ६८, दोन्ही गुडघे झिजलेत, बीपीची गोळी चालू. मला जमेल का? की आता या वयात नको? — निवृत्त शिक्षिका, सातारा

बाई, नक्की जमेल, आणि तुमच्या वयाला तर जास्त गरज आहे कारण अशा सावकाश व्यायामांनी तोल सुधारतो, पडण्याची भीती कमी होते, यावर बराच अभ्यास झालेला आहे. फक्त घोड्याची बैठक घेऊच नका, सरळ उभ्याने धनुष्य ओढा. पाय थकले तर हात नसलेल्या घट्ट खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसून करा, पहिले चार आणि सातवा बसून उत्तम होतात. टाचा उचलताना ओट्याला धरा. सहाव्यात डोकं हृदयाच्या खाली जाऊ देऊ नका, मांड्यांपर्यंत चोळलं की पुरे, बीपी, काचबिंदू किंवा ठिसूळ हाडं असतील तर हे पाळायचंच. सातव्यात मुठी आवळून डोळे मोठे करायचेत ते अर्ध्याच जोराने. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, प्रकार करून दाखवा त्यांना म्हणजे त्यांनाही कळेल काय चाललंय. स्वेटर घालून करा, गुडघ्यांवर शाल गुंडाळा.

प्रश्न : मी योगशिक्षक आहे. आमच्या वर्गात नेहमी सांगतात की बोधिधर्म भारतातून चीनला गेला आणि त्याने तिकडे आपला योग शिकवला, त्याचंच छीगोंग झालं. मग आपण आपलं सोडून त्यांचं कशाला करायचं? — एक वाचक, सांगली

हा प्रश्न मलाही तिकडे जाण्याआधी पडायचा त्यामुळे यावर थोडं सविस्तर. बोधिधर्म भारतातून गेला असं परंपरा मानते, साधारण पाचव्या-सहाव्या शतकात, आणि चीनच्या बौद्ध परंपरेत त्याचं स्थान फार मोठं आहे. पण त्याच्या नावावर जे व्यायामाचं पुस्तक सांगतात, यिजिनजिंग, स्नायू बदलण्याचं शास्त्र, ते अभ्यासकांच्या मते १६२४ च्या सुमारास लिहिलेलं आहे, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी, आणि ते पुस्तक त्याचं मानत नाहीत.

आणि त्याहून पक्का पुरावा जमिनीतून निघालाय. हुनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगदुई नावाची जागा आहे. तिथल्या तिसऱ्या क्रमांकाच्या थडग्याचं उत्खनन १९७३ मध्ये झालं आणि त्यात रेशमावर काढलेलं एक चित्र सापडलं, चार ओळींत चव्वेचाळीस माणसं, बायका, पुरुष, तरुण, म्हातारे, कुणी वाकलंय, कुणी हात वर केलेत, कुणी प्राण्यासारखं उभं, आणि बाजूला कुठला व्यायाम कशासाठी याच्या नोंदी. ते थडगं इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेलं. म्हणजे बोधिधर्म जन्मायच्या सहा-सातशे वर्षं आधी चीनमध्ये हे व्यायाम चित्र काढून ठेवण्याइतके रुळलेले होते. तेव्हा त्याला दाओयिन म्हणायचे, ताणणं आणि वळवून नेणं असा काहीसा अर्थ. पुढे बौद्ध भिक्षूंबरोबर भारतातले श्वासाचे, ध्यानाचे प्रकार तिकडे गेले आणि मिसळले, ते खरंच आहे आणि सुंदर आहे, पण मूळ त्यांचं त्यांच्याकडेच आहे.

गंमत म्हणजे छीगोंग हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो अगदी अलीकडचा. हबेइ प्रांतात लिउ ग्वेइझेन नावाचे एक कम्युनिस्ट कार्यकर्ते होते, १९४० च्या दशकाच्या शेवटी पोटाच्या अल्सरने बेजार झालेले, ते गावाकडच्या एका गुरूकडून श्वासाची पद्धत शिकले आणि बरे झाल्यावर त्यांनी ती दवाखान्यातून शिकवायला घेतली, त्यातून छीगोंग हा शब्द सगळीकडे पसरला. १९५० च्या दशकात तांगशान आणि बेइदाइहे इथे त्यासाठी सरकारी आरोग्यधामं निघाली. आणि हबेइ म्हणजे कुठलं, तर आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. १९४२ च्या ९ डिसेंबरला ते तिथेच गेले, ऐन थंडीत, वय ३२. शिज्याज्वांगला त्यांचा पुतळा आहे, मी तिथे उभी राहिले तेव्हा शाळेची पोरं फुलं वाहत होती आणि मला बोलायला शब्द सुचेना.

तर आपलं सोडायला कोण सांगतंय. मी सूर्यनमस्कार घालते आणि बादुआनजिनही करते. फरक एवढाच जाणवतो की आसनात आपण एका स्थितीत जाऊन थांबतो आणि छीगोंगमध्ये थांबणं क्वचित, सगळं वाहतं. थंडीत आखडलेल्या अंगाला ते वाहणं फार मानवतं.

प्रश्न : मी एडमंटनला असते. डिसेंबरमध्ये सव्वाचारला सूर्य मावळतो, ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. गेली दोन वर्षं नोव्हेंबर ते मार्च नुसतं झोपावंसं वाटतं, गोड खात सुटते, कुणाशी बोलायला नको वाटतं. सूर्याची वाट बघा म्हणाल तर इथे सूर्यच नाही. छीगोंगने जाईल का हे? — एक वाचक, कॅनडा

तुझं पत्र वाचून पोटात तुटलं, अगं म्हणते कारण माझ्या मुलीच्या वयाची आहेस. सगळ्यात आधी हे, तू वर्णन केलंयस ते आळस नाही, दरवर्षी ठरावीक महिन्यांत येणारी आणि वसंतात जाणारी ही उदासी डॉक्टरांच्या ओळखीची आहे आणि तिच्यावर उपचार आहेत, तेव्हा फॅमिली डॉक्टरकडे जा आणि मला लिहिलंस तेच्या तेच त्यांना सांग. सकाळी उठल्यावर अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसणं हा त्यातला नेहमीचा उपचार, व्हिटॅमिन डी पण तपासून घे. जगणं नकोसं वाटायला लागलं तर मग महिनाभर थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा, डॉक्टरांना आणि घरीसुद्धा.

छीगोंग याच्या जोडीला ठेव, जागी नको. तुझ्या शहरात डिसेंबरचा दिवस जेमतेम साडेसात तासांचा, तो सगळा ऑफिसात जातो. मग लंच ब्रेकमध्ये दहा मिनिटं दक्षिणेकडच्या खिडकीशी उभी राहा आणि पहिला, दुसरा आणि चौथा प्रकार कर, आभाळ, धनुष्य आणि मागे बघणं. तिन्हीत छाती उघडते, मान सुटते, आणि उदास माणूस जसा खांदे आत घेऊन बसतो त्याच्या बरोब्बर उलटं शरीर होतं. एकटीने करू नकोस. एडमंटनला चिनी वस्ती मोठी आहे, हिवाळ्यात कम्युनिटी सेंटरमध्ये ताइ ची, छीगोंग करणारी म्हातारी मंडळी सापडतील, त्यांच्यात जा. भाषा येत नसली तरी चालतं, मला कुठे येत होती. सहा महिने मी फक्त मागे उभी राहून हात हलवले आणि त्या बायका मला गरम पाणी ओतून देत राहिल्या. त्या पहिल्या परक्या हिवाळ्यात मला कशाने तारलं असेल तर त्या पाण्याने, व्यायामाचा नंबर त्याच्यानंतर.

प्रश्न : एका शिबिरात गेलो होतो. तिथले मास्टर लांबून हात करून छी सोडतात, माझ्या आईला त्यांनी सांगितलं की एकवीस दिवसांत डायबेटिस जाईल, गोळ्या बंद करा, फी पंचवीस हजार. आईचा विश्वास बसलाय. काय करू? — एक वाचक, पुणे

गोळ्या बंद करायच्या नाहीत, एक दिवससुद्धा नाही, आज घरी गेल्यावर पहिलं हे बघा. बाकीचं नंतर.

हे नवीन नाही. १९८० आणि ९० च्या दशकात चीनमध्ये छीगोंगचा ज्वर आला होता, मास्टर मंडळी स्टेडियम भरवायची, लांबून छी सोडून रोग बरे करण्याचे दावे, आणि लोक औषधं टाकून मागे जायचे. तपासणीत असे दावे टिकले नाहीत आणि कित्येकांचं नुकसान झालं. १९९९ नंतर सरकारने सगळ्यावर कडक नियंत्रण आणलं, त्यात राजकारणही खूप होतं, फालुन गोंग या छीगोंगमधूनच निघालेल्या पंथावर बंदी आली ती त्याच वर्षी. मग २००३ मध्ये तिथल्या क्रीडा खात्याच्या देखरेखीखाली चार जुने संच नीट बसवून जाहीर केले, बादुआनजिन, यिजिनजिंग, पाच प्राण्यांचे खेळ आणि सहा आवाज. या चारांत कुणी कुणावर लांबून हात करत नाही. आपले हात आपणच हलवायचे.

आईंना रागावू नका. त्यांच्याबरोबर सकाळी उभे राहा, पंधरा मिनिटं, फुकट. नियमित केलं तर साखरेला मदत होऊ शकते जशी कुठल्याही व्यायामाने होते, आणि गोळीचा डोस कमी करायचा की नाही ते त्यांचे डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतील. फी भरली असेल तर परत मागा.

प्रश्न : वय २६, आयटीत आहे. तीन आठवडे रोज रात्री अकरा ते एक उभं राहून ध्यान करतोय. हातात गरम वाटतं, मुंग्या येतात, कधी अंग आपोआप हलतं. ही छी आहे का? वेळ वाढवू का? झोप थोडी कमी झालीय. — एक वाचक, हिंजवडी

वाढवू नकोस, थांबव. पंधरा दिवस पूर्ण बंद. हात गरम होणं साधं आहे, अंग सैल झालं की हाताच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि लक्ष तिथे असल्याने जास्त जाणवतं, याला छी म्हण किंवा रक्त म्हण, चांगले शिक्षक सांगतात आलं तर येऊ दे, गेलं तर जाऊ दे, मागे धावू नकोस. पण अंग आपोआप हलणं आणि झोप उडणं यापुढे एकट्याने जायचं नाही. अति साधनेने डोकं भरकटतं याला चिनी भाषेत जुना शब्दच आहे, अर्थ असा की आग हाताबाहेर गेली आणि भूत शिरलं, आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मानसिक आजारांच्या १९९४ च्या यादीतसुद्धा छीगोंगनंतर होणाऱ्या अशा त्रासाची नोंद आहे. आवाज ऐकू यायला लागले, विचार थांबेनात, तर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि घरच्यांना आत्ताच सांगून ठेव. आणि बाळा, हिवाळ्यात रात्री एकपर्यंत जागून ऊर्जा साठवता येत नाही, तू भांड्याला भोक पाडून पाणी भरतोयस. साडेदहाला झोप. पंधरा दिवसांनी झोप परत पहिल्यासारखी झाली असेल तरच दिवसा, उजेडात, दहा मिनिटं बादुआनजिन कर, हलणारं. उभं ध्यान या वर्षी नको.

प्रश्न : याच्या जोडीला थंडीत खायचं काय? — एक वाचक, लातूर

तुम्ही आधीच खाताय ते. तिकडे हिवाळ्यात काळे तीळ, अक्रोड, काळे घेवडे, मटणाचं गरम सूप असं खातात, आपल्याकडे तीळ, बाजरीची भाकरी, डिंकाचे लाडू. एक जुळणारी गोष्ट मला फार आवडते. उत्तर चीनमध्ये २१-२२ डिसेंबरच्या सगळ्यात लहान दिवसापासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ गट मोजतात, एक्क्याऐंशी दिवस झाले की थंडी संपली, आणि तिसरा नव्वा सगळ्यात कडक अशी त्यांच्याकडे म्हण आहे. मोजून बघा, आपली भोगी आणि संक्रांत बरोबर त्या तिसऱ्या नव्व्यात येते. त्या नऊ दिवसांत व्यायाम आणखी हळू करा आणि तीळ जास्त खा.

प्रश्न : माझा नातू नऊ वर्षांचा, मी करायला लागले की शेजारी उभा राहून हसतो. त्याला पण शिकवू का? — एक आजी, चिपळूण

शिकवाच, पण त्याला बादुआनजिन कंटाळवाणं वाटेल, पाच प्राण्यांचे खेळ द्या. दुसऱ्या शतकाच्या शेवटी हुआ त्वो नावाचा मोठा वैद्य होऊन गेला, त्याचे हे मानतात, वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी. तो म्हणायचा दाराची बिजागरी सारखी हलते म्हणून किडत नाही. त्याचा एक शिष्य नव्वदीच्या पुढे जगला आणि तेव्हाही त्याचे दात, डोळे, कान शाबूत होते अशी नोंद आहे.

यातलं हरीण किडनीचं म्हणजे थंडीचं, ते आधी घ्या. मधलं बोट आणि अनामिका आत वळवायची, अंगठा, तर्जनी आणि करंगळी ताठ, झाली शिंगं. मग डावा पाय पुढे टाकून दोन्ही शिंगं डावीकडून मागे न्यायची आणि कंबर पिळून मागच्या पायाच्या टाचेकडे बघायचं, परत सरळ, मग उजवीकडे. तुम्ही जेवढं पिळवेल तेवढंच पिळा, एक हात भिंतीला ठेवलात तरी चालेल, तो बघा कसा पूर्ण वळतो ते. माझी मुलगी त्याच्याएवढी असताना बागेत त्या ७९ वर्षांच्या आजीसमोर वाघ व्हायची, बोटांचे पंजे करून, आणि आजी शिंगं करून सावकाश तिच्याकडे वळायची, दोघींच्या तोंडातून वाफा. नातवाला टोपी घाला, अंगणात ऊन आलं की सुरू करा.